नित्याचे आवाज, माणसाचे मन आणि वाचनालयाची शांतता

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही जुन्या वाचनालयात पाऊल टाकले की ग्रंथांच्याही आधी नजरेस पडते ती भिंतीवरची पाटी : ‘शांतता राखा’. ग्रंथसंग्रह वाढतो, कपाटे बदलतात, देणगीदारांच्या नामफलकांत भर पडते. त्या पाटीवरचे दोन शब्द मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतात. शतकमहोत्सवाच्या निमित्ताने ग्रंथांविषयी आणि ग्रंथकारांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते उचितच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्या पाटीशी निगडित आहे. नित्याचे, क्षुल्लक वाटणारे आवाज माणसाला का छळतात, एकाच्या ध्यानातही न येणारा आवाज दुसऱ्याच्या डोक्यात तिडीक का उठवितो, आणि अशा माणसाला समाजाने ‘नाजूक’ म्हणून हसावे की त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा तो विषय होय.

प्रारंभी आपल्या भाषेचीच साक्ष काढणे योग्य ठरेल. मराठीत ध्वनीवरून बनलेल्या शब्दांची समृद्धी मोठी आहे. त्यांतील काही शब्द ध्वनीबरोबर त्रासाचेही वाचक झाले आहेत. किरकिर रातकिड्याची असते, तशीच आजारी मुलाचीही असते. कुरकुर बिजागरीची असते, तशीच असंतुष्ट माणसाची. भुणभुण डासाची, तशीच सतत मागे लागलेल्याची. पिरपिर पावसाची आणि हट्टी पोराचीही. ‘कटकट’ या शब्दाने तर आवाजाचा अर्थ जवळजवळ टाकूनच दिला असून आता तो निव्वळ उपद्रवाचे नाव बनला आहे. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. यांतला एकही आवाज मोठा नाही. उलट जे मोठे आवाज, त्यांची नावे भाषेने भीतीसाठी किंवा उत्साहासाठी राखून ठेवली : ढगांचा गडगडाट, टाळ्यांचा कडकडाट, ढोलताशांचा दणदणाट. माणसाला वैताग आणणारा आवाज बहुधा लहान, पुन्हापुन्हा होणारा आणि थांबविता न येणारा असतो, हे बोलणाऱ्या समाजाने प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

आवाज मोजण्याचे परिमाण डेसिबल हे होय. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून ते रूढ झाले. त्याची चढण साध्या बेरजेची नाही. सत्तर डेसिबलवरून ऐंशीवर गेले की ध्वनीची शक्ती दसपट होते, आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. बहिरेपणाचा धोका, कारखान्यातील कामगारांचे संरक्षण, लग्नाच्या वरातीतील ध्वनिवर्धक या बाबतींत या मोजमापाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु मध्यरात्री न्हाणीघरात ठिबकणारा नळ हे मोजमाप हाती घेऊन समजत नाही. धबधब्याशेजारी गाढ झोपणारा मनुष्य त्या ठिबकण्याने जागा होतो. पंख्याच्या घरघरीत शांत निजलेले घर वीज जाऊन पंखा थांबताच चुळबुळू लागते. तेथे तर आवाज वाढलेला नसून नाहीसा झालेला असतो.

याचे कारण कानाच्या घडणीत आहे. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतही कान पहाऱ्यावर असतो. रस्त्यावरील वाहनांच्या आवाजात निजलेली आई तान्ह्याच्या नुसत्या हुंकाराने उठते, याचा अर्थ तिचा मेंदू झोपेतही आवाजांची छाननी करीत असतो. ओळखीचा, एकसारखा आवाज तो बाजूला सारतो. नवा, अर्थपूर्ण अथवा अनियमित आवाज आला की हाक देतो. हीच व्यवस्था मानवाच्या पूर्वजांना हिंस्र पशूपासून वाचवीत असणार. आज तीच व्यवस्था शेजारच्या घरातील खुर्ची सरकली तरी हाक देते.

काही आवाज मात्र जवळपास सर्वांनाच असह्य होतात. पाटीवर नख ओढले किंवा खडू तिरका पडून फळा किंचाळला की वर्गातील एकूण एक मुलाच्या अंगावर शहारे येतात. १९८६ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅल्पर्न, ब्लेक आणि हिलनब्रँड या तीन संशोधकांनी या शहाऱ्याचा शोध घेतला. दगडी पाटीवर बागकामाचे तीन दातांचे अवजार ओढून त्यांनी आवाज मुद्रित केला. त्यातील कर्कश, उंच पट्टीचा भाग तेवढा काढला की तो सुसह्य होईल, असा समज होता. प्रत्यक्षात उंच पट्टीचा भाग काढल्यावरही श्रोते तितकेच कासावीस झाले. मधल्या पट्टीचा भाग काढल्यावर कुठे आवाज सुसह्य झाला. पुढे २०१२ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी चौऱ्याहत्तर निरनिराळे आवाज ऐकवून मेंदूची प्रतिक्रिया पाहिली. काचेच्या बाटलीवर सुरी घासण्याचा आवाज सर्वांत अप्रिय ठरला, आणि सेकंदाला सुमारे दोन हजार ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यातील आवाज विशेष झोंबतात, असे आढळले. मनुष्याचा कान याच पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो. माणसाची किंकाळीही याच पट्ट्यात येते. म्हणजे दात शिवशिवणे हा मनाचा चोचलेपणा नसून शरीराचाच धर्म आहे.

तथापि शरीरधर्माने सर्व उलगडा होत नाही. २०११ साली रॉयटर आणि ओलर या दोन संशोधकांनी फळ्यावर नख ओढण्यासारखे आवाज दोन गटांना ऐकविले. एका गटाला आवाजांचा खरा उगम सांगितला. दुसऱ्याला ते आधुनिक संगीतरचनेतील सूर असल्याचे सांगितले. दुसऱ्या गटाला तेच आवाज कमी अप्रिय वाटले. गंमत अशी की त्वचेवरील घामाच्या सूक्ष्म नोंदी मात्र दोन्ही गटांत फारशा वेगळ्या नव्हत्या. शरीर दचकतच होते. त्या दचकण्याला काय म्हणावयाचे, ते अर्थ ठरवीत होता. आपल्या घरच्या लग्नातला सनईचौघडा मंगल असतो, आणि शेजारच्या लग्नातला तोच परीक्षेच्या आदल्या रात्री छळवाद ठरतो.

अर्थाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे ताबा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांचे शहरी ताणावरील पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील प्रयोग वाचनालयाच्या सभासदांनी आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. टंकलेखन यंत्र, प्रती काढण्याचे यंत्र, परभाषेतील बोलणे यांचे मिश्रण करून तयार केलेला मोठा आवाज ऐकत असताना लोकांना काही कामे करावयास दिली. थोड्याच वेळात बहुतेक जण त्या आवाजाला सरावले आणि कामे नीट करू लागले. येथेच थांबले असते तर ‘सवय होते हो, काही होत नाही’ हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे सिद्ध झाले असते. परंतु संशोधकांनी आवाज थांबल्यानंतर त्याच लोकांना मुद्रितशोधनाचे काम आणि न सुटणारी कोडी दिली. ज्यांना आवाज अनियमितपणे, केव्हाही ऐकविला गेला होता, त्यांच्या नजरेतून चुका अधिक निसटल्या आणि कोडी त्यांनी लौकर टाकून दिली. सवयीची किंमत होती. ती मागाहून वसूल झाली. याच प्रयोगमालेत काही जणांच्या हाताशी एक कळ ठेवली होती. आवाज अगदीच असह्य झाला तर ती दाबावी, मात्र शक्यतो दाबू नये, असे त्यांना सांगितले होते. बहुतेकांनी ती दाबली नाही. तरीही ती हाताशी होती एवढ्यानेच आवाजाचे दुष्परिणाम पुष्कळ कमी झाले.

या एका कळेत आजच्या विषयाचे मर्म साठलेले आहे. माणसाला आवाजाहूनही आवाजापुढची असहायता अधिक पोखरते. ‘आवाज थोडा कमी कराल का’ असे म्हटल्यावर शेजारी ऐकेल, हा विश्वास म्हणजे ती कळ होय. ज्या वस्तीत हा विश्वास असतो, तेथे आवाज असूनही उपद्रव कमी असतो. जेथे असे विचारणे म्हणजे भांडणाला निमंत्रण, तेथे भिंतीपलीकडची खुसखुसही झोप उडविते.

आवाजाने त्रस्त झालेल्या थोर पुरुषांच्या कथा ग्रंथांत विपुल आहेत. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअर याने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात रस्त्यावरील गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर एक संतप्त निबंध लिहिला. कार्लाइलने शेजारची कोंबडी आणि रस्त्यावरचा गलका यांना कंटाळून लंडनमधील आपल्या घराच्या माथ्यावर १८५३ साली दुहेरी भिंतींची खोली बांधविली. जवळचे आवाज काहीसे थांबले, तो दूरचे नवे आवाज ऐकू येऊ लागले. गणकयंत्राची कल्पना मांडणारा चार्ल्स बॅबेज याचे रस्त्यावर पेटी वाजविणाऱ्या भटक्या वादकांशी वर्षानुवर्षे युद्ध चालले. आपल्या कार्यशक्तीचा चौथा हिस्सा या उपद्रवाने खाल्ला, असा त्याचा हिशेब होता. १८६४ साली इंग्लंडच्या संसदेने अशा वादकांना आवर घालणारा कायदा केला. त्याने बॅबेजचा त्रास संपला मात्र नाही. टोळकी त्याच्या मागे लागत आणि मुद्दाम त्याच्या खिडकीखाली वाद्ये वाजविली जात.

या कथा वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. आवाजाचा जितका त्रास तितकी बुद्धी मोठी, असा शोपेनहौअरचा रोख होता. त्याला आधार नाही, आणि त्यात अहंकार आहे. शिवाय त्या वादकाची पेटी हे त्याचे पोट होते. आजही भाजीवाल्याची आरोळी, कल्हईवाल्याची हाक, भंगारवाल्याची साद यांना गोंगाट म्हणणारा बंगल्यातील मनुष्य स्वतःच्या मोटारीच्या भोंग्याला गोंगाट म्हणत नाही. गोंगाट म्हणजे बहुधा दुसऱ्याचा आवाज. म्हणूनच शांततेची मागणी करणाऱ्याने प्रथम ती कोणासाठी मागतो आहे, हे स्वतःला विचारावे.

या दृष्टीने न्यूयॉर्कच्या ज्युलिया बार्नेट राइस या बाईंचे उदाहरण अधिक अनुकरणीय वाटते. हडसन नदीवरील ओढबोटींच्या भोंग्यांनी त्यांची झोप उडत असे. त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून रात्रभर वाजणाऱ्या भोंग्यांची मोजदाद करविली, आणि १९०६ साली अनावश्यक गोंगाटाला आळा घालणारी संस्था स्थापन केली. त्यातला ‘अनावश्यक’ हा शब्द मोलाचा आहे. बाईंनी स्वतःची झोप पुढे केली नाही. नदीकाठच्या रुग्णालयांतील रोग्यांची बाजू मांडली. शहरातील मुलांनी रुग्णालयाजवळ आवाज न करण्याची शपथ घेतली, आणि मुलांच्या त्या शाखेचे मानद अध्यक्षपद मार्क ट्वेन याने स्वीकारले. बॅबेजने आपल्यासाठी शांतता मागितली आणि तो एकाकी पडला. बाईंनी ती दुबळ्यांसाठी मागितली, तेव्हा मुलेही त्यांच्या पाठीशी आली.

आता प्रश्न उरतो तो स्वभावतःच आवाज सोसत नसलेल्या माणसांचा. ‘सवय होईल’ हा उपदेश त्यांना उठता-बसता ऐकावा लागतो. नील वाइनस्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७८ साली वसतिगृहात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षारंभी ज्यांना आवाजाचा त्रास अधिक होत होता, त्यांचा त्रास पुढे कमी होण्याऐवजी वाढत गेला. सवय सर्वांना होत नाही, हे यावरून दिसते.

याहून अवघड प्रकार घरोघरी असतो. त्याला नाव मात्र अलीकडेच मिळाले. जेवणाच्या पंगतीत कोणी चहाचा किंवा आमटीचा भुरका मारला, मचमच करून घास चावला, नाक ओढले, लेखणीची कळ टकटक दाबली, की एखाद्या व्यक्तीच्या मनात क्षणार्धात संतापाची लाट उसळते. पुष्कळदा ती सुरू होते बालपणाच्या अखेरीस किंवा पौगंडावस्थेत, आणि तिचे लक्ष्य असते ती घरातील अगदी जवळची माणसे. २००१ साली मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या संशोधक दांपत्याने या अवस्थेला ‘मिसोफोनिया’ हे नाव दिले; मराठीत तिला ध्वनिद्वेष म्हणता येईल. २०१७ साली सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की असे आवाज ऐकताच या व्यक्तींच्या मेंदूतील भावना व शरीरस्थिती यांची सांगड घालणारा भाग वाजवीपेक्षा फार अधिक जागृत होतो, हृदयाचे ठोके वाढतात, घाम फुटतो. २०२२ साली तज्ज्ञांनी या अवस्थेची सर्वमान्य व्याख्याही तयार केली. ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना असे आवाज लक्षणीय त्रास देतात, असे आढळले.

आपल्या घरांत या माणसाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. आजोबांच्या भुरक्याने ताटावरून उठणारी नात ‘तुसडी’ ठरते. सासूबाईंच्या सुपारी कातरण्याने कासावीस होणारी सून बोलूच शकत नाही. बोलली तर उर्मट, न बोलली तर घुमी. आजोबांचाही यात दोष नाही. त्यांचे दात गेलेले असतात आणि बशीतून चहा भुरकत पिण्यात त्यांनी साठ-सत्तर वर्षे घालविलेली असतात. दोघेही निरपराध असून दोघेही दुखावतात. येथे उपाय उपदेशात नसून व्यवस्थेत आहे. बसण्याची जागा बदलावी, स्वयंपाकघरातील रेडिओ मंद लावून ठेवावा, मुलीला पाच मिनिटे उठून जाण्याची मुभा असावी आणि तिच्या उठण्याचा अर्थ अपमान असा लावू नये. त्रास फार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. विचार व वर्तन यांवर आधारलेल्या उपचारांचा काहींना चांगला उपयोग झाला आहे. सर्वांत आधी ‘तुला खरोखरच त्रास होतो’ एवढे घरातील वडीलधाऱ्यांनी मान्य करावे. ती मान्यता हीच त्या मुलीच्या हातातील कळ.

ज्याला बोलताच येत नाही, त्याची बाजू तर समाजानेच घेतली पाहिजे. न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या एका बाजूला उंच पुलावरून आगगाडी जात असे. आर्लीन ब्रॉन्झॅफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुळांकडील वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांच्या तुलनेत वाचनात मागे पडलेली आढळली. सहाव्या इयत्तेपर्यंत हे अंतर सुमारे वर्षभराचे झाले होते.  शिक्षक गाडी जाईपर्यंत थांबत आणि पुन्हा सुरुवात करीत. पुढे रुळांखाली रबरी गाद्या आणि वर्गांच्या छताला ध्वनिशोषक फरशा बसविल्या गेल्या, आणि १९८१ साली पुन्हा पाहिले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले वाचनात सारखी झाली होती. वाचन आणि शांतता यांचे नाते याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

आपल्या देशात कायद्याने या बाबतीत पावले टाकली आहेत. १९८७ च्या दुरुस्तीने हवेच्या प्रदूषणाच्या व्याख्येत गोंगाटाचा समावेश झाला. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशा मर्यादा त्यांत आहेत. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाची पार्श्वभूमी विसरता येत नाही. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि तिच्या किंकाळ्या शेजारच्या ध्वनिवर्धकावरील संगीतात बुडून गेल्या, या बातमीने व्यथित होऊन एका अभियंत्याने याचिका केली होती. गोंगाटाने मदतीची हाकही ऐकू येईनाशी होते, ही त्याची सर्वांत भयंकर बाजू. महाराष्ट्रात मालमोटारींच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास २०१५ साली शासनाने मनाई केली. मुंबई पोलिसांनी २०२० च्या आरंभी एक नामी युक्ती जाहीर केली : सिग्नलजवळ भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलवर गेला की तांबड्या दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. हसू आणणारा हा उपाय उतावळेपणावर नेमके बोट ठेवणारा होता.

या नियमांत रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविण्याची तरतूद आहे. वाचनालयाचा त्यांत नामनिर्देश नाही. सक्षम अधिकाऱ्यांना अन्य क्षेत्रही तसे जाहीर करता येते. शताब्दी साजरी करणाऱ्या संस्थेने याचा विचार अवश्य करावा आणि तसा अर्ज करावा. परंतु शंभर मीटरची रेषा आखून जे साधेल, त्याहून मोठी गोष्ट वाचनालयाने आपल्या चार भिंतींत पूर्वीच साधलेली आहे.

‘वाचन’ या शब्दाच्या मुळाशी बोलणे आहे. संस्कृतातील ‘वच्’ या धातूपासून तो आला. आपल्याकडे पोथी वाचावयाची ती मोठ्याने, चारचौघांना ऐकू जाईल अशी. पारायण व्हावयाचे ते सुरात. पाश्चात्त्यांकडेही चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टिनने बिशप ॲम्ब्रोजला ओठ न हलविता वाचताना पाहिले, तेव्हा त्याला ती नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट वाटली. अनेकांनी एका छताखाली बसून निरनिराळी पुस्तके वाचावयाची, तर प्रत्येकाने आपला आवाज आवरणे भाग होते. वाचनकक्षातील शांतता ही अशी परस्परांना दिलेली देणगी आहे. तेथेही आवाज असतातच. वृत्तपत्राची घडी मोडते, पंखा कुरकुरतो, कोणी खोकतो, दुपारी एखाद्या वृद्ध सभासदाला डुलकी लागून घोरणेही ऐकू येते. ते कोणाला छळत नाहीत. कारण जो तो आपल्यासाठी काही आवरतो आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. आणि अगदीच असह्य झाले तर ग्रंथपालांकडे नुसते पाहिले तरी पुरते. प्रयोगशाळेतील ती कळ येथे प्रत्येक टेबलावर, न दिसणारी, ठेवलेली आहे.

सवंगडी मिळून गलका करीत आलेली मुले या दाराशी आपोआप हळू बोलू लागतात, चपला हलकेच काढतात. त्यांना हे कोणत्याही नियमाने शिकविलेले नसते. मोठी माणसे तसे वागताना त्यांनी पाहिलेले असते. तीच मुले घरी जाऊन दूरदर्शनसंचाचा आवाज आजारी शेजाऱ्यासाठी कमी करतील, पुढे मोटार चालविताना भोंग्यावरचा हात आवरतील, तेव्हा वाचनालयाचे काम ग्रंथांच्या देवघेवीपलीकडे पोहोचले असे म्हणता येईल. भिंतीवरच्या पाटीतील ‘राखा’ हे क्रियापद या दृष्टीने फार सुंदर आहे. राखावयाची ती आपली एकट्याची नसलेली वस्तू. शेत राखावे, शब्द राखावा, मान राखावा, तशीच शांतता. शंभर वर्षे ती येथे राखली गेली. या वारशाची नोंद ग्रंथसंग्रहाच्या यादीत नसली तरी ती दुसऱ्या शतकाकडे सुखरूप सोपविणे प्रत्येक सभासदाच्या हाती आहे.